मध्यंतराची हाळी

अठ्ठावीस फेब्रुवारी, दुपारी चार वाजून सात मिनिटे. तापमान चौतीस अंश, वारा जवळजवळ नाही, मैदानाच्या पूर्व कडेला ध्वनिपातळी एकशे तीन डेसिबल. माझ्या वहीत त्या मिनिटाची नोंद एवढीच आहे. त्याच मिनिटाला आमच्या गावच्या कबड्डीच्या मैदानाशेजारी एक माणूस ओठ घट्ट मिटून बसला होता आणि त्याचाच आवाज स्पीकरच्या चार मोठ्या पेट्यांमधून सात जणांना नावाने हाका मारत होता. हे मी लिहिले नाही. ते लिहायला वहीत रकाना नव्हता.

दोन वर्षांनी ती वही पुन्हा उघडली, त्याला निमित्त एका दूरच्या अंतिम सामन्याचे झाले. पुण्यातल्या आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये मोठा पडदा लावला होता. मध्यंतरात रोषणाई झाली, धूर सोडला गेला आणि धुरातून एक नामवंत गायक प्रकट झाला. तिसऱ्या ओळीला त्याने माइक खाली घेतला, प्रेक्षकांकडे पाहून हसला, आणि गाणे मात्र चालूच राहिले. मेसमध्ये एकच गलका झाला. "हा गातच नाहीये!" कुणीतरी ताटावर चमचा आपटून म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येकीच्या फोनवर तोच वाद होता: ही फसवणूक की नुसती सोय? सामना कोण जिंकले, याबद्दल कुणी फारसे बोलत नव्हते. मी ती चित्रफीत तीनदा मागे नेऊन त्याचे ओठ आणि आवाज यांच्यातले अंतर मोजले. पाच चौकटी, म्हणजे सेकंदाचा एक पंचमांश. मैत्रीण म्हणाली, "तू हेही मोजतेस?" मी मोजते. जे मोजता येते त्याची भीती कमी होते, असे मी बराच काळ मानत आले आहे.

त्या गायकाच्या ओठांना आवाज नव्हता. याच्या नेमके उलट मी पाहिलेले आहे, ओठ नसलेला आवाज. आणि तो माझ्या हातचा होता.

आमच्या वाशिमकडे फेब्रुवारी हा कोरड्या आवाजांचा महिना असतो. तूर घरात आलेली असते, हरभरा सोंगणीला आलेला असतो. सकाळी पानांवरची आंबट आंब लागून बायकांची बोटे चरचरतात; दुपारी घाटे हाताने हलवले तर आत दाणे वाजतात. रिसोडच्या बाजाराला निघालेल्या गाड्यांची धूळ रस्त्यावर बराच वेळ उभी राहते, जणू गाडी गेली हे तिला अजून कळलेले नाही. पळसाला पाने नसतात, नुसती फुले असतात, त्यामुळे वारा आला तरी झाड वाजत नाही. हवेतला ओलावा गेलेला असतो. भौतिकशास्त्र सांगते, कोरड्या हवेत उंच पट्टीचे स्वर लवकर विरतात आणि खालचे दूरवर जातात. म्हणून या दिवसांत दुरून आलेली हाक ओळखू येते, पण तिच्यातले शब्द कळत नाहीत. लहानपणी मला याचे भय वाटे. पुढे कारण कळले. भय तसेच राहिले.

याच महिन्यात आमच्या गावात जिल्ह्यातली सगळ्यात जुनी कबड्डीची स्पर्धा भरते. नदीकाठच्या मोकळ्या जागेवरची माती आठ दिवस आधी चाळून घेतात, तिच्यावर पाणी मारतात, रोलर फिरवतात. माती चाळण्याच्या चाळण्या रहीम मिस्त्रींच्या दुकानातून येत. बसथांब्यापाशी त्यांचे पत्र्याच्या कामाचे दुकान: चाळण्या, बादल्या, धान्याच्या कोठ्या. आम्ही सारे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत असू. पण गाव त्यांना ओळखत होते ते चाळण्यांसाठी नव्हे. अंतिम सामन्याच्या मध्यंतरात हाळी देण्याचा मान त्यांचा होता.

हाळी म्हणजे हाक. आमच्याकडे मध्यंतराची शिट्टी झाली की यजमान संघाचे सात खेळाडू मैदानात थांबत नाहीत. ते आपापल्या माणसांत जातात. कुणी आईपाशी बसतो, कुणी पाण्याच्या टाकीवर डोके भिजवतो, कुणी चिंचेखाली पोटऱ्या चोळून घेतो. पाच मिनिटांनी त्यांना परत आणायचे ते हाळीने. मिस्त्रीचाचा डफ घेऊन मध्यरेषेपाशी उभे राहत आणि एकेकाचे नाव घेऊन दोन ओळी गात:

गजानन रे, उन्हं कलली,
मातीनं तुही वाट पाह्यली…

मग डफावर एक थाप आणि थांबणे. गजानन जिथे असेल तिथून "ओ" देई, धावत येई, मध्यरेषेला हात लावी. त्यानंतर पुढचे नाव. ओ आल्याशिवाय पुढचे नाव घ्यायचे नाही, हा नियम. सातवी ओ आली की उत्तरार्ध सुरू. परगावचे लोक सामना पाहायला येत, पण ही दोन-अडीच मिनिटे ऐकायला मिळावीत म्हणून मध्यंतरात चहालाही उठत नसत.

त्या हिवाळ्यात चाचांच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितले, जानेवारीअखेर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि आवाज बहुधा राहणार नाही. मी तेव्हा अमरावतीला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मोकळ्या मैदानात मानवी आवाज कसा पसरतो, हा माझ्या प्रकल्पाचा विषय होता आणि त्याच प्रकल्पाच्या बळावर मला पुढच्या संशोधनाची जागा मिळवायची होती. मी ध्वनिमापक आणि रेकॉर्डर घेऊन गावी आले. चाचांनी रेकॉर्डर हातात घेऊन उलटासुलटा केला, नखाने टिचकी मारून धातू पारखला.

"हे डबी माहा आवाज धरून ठेवते म्हंतं?"

"हो चाचा. जसाच्या तसा."

"माहा गळा जाईन त जाऊ दे, बेटा. हाळी राह्यली पायजे. राहीन नं हिच्यात?"

"राहील," मी म्हटले. इतका ठाम शब्द मी त्यानंतर कोणत्याही शोधनिबंधात वापरलेला नाही.

जानेवारीतली ती दुपार होती. मैदान रिकामे. मी दहा मीटरवर उपकरणे मांडली. चाचा मध्यरेषेपाशी उभे राहिले आणि त्यांनी हाळी दिली. दहा मीटरवर ऐंशी डेसिबल; साठीतल्या, गाठ असलेल्या गळ्यातून. पण मला विलक्षण वाटले ते निराळेच. प्रत्येक नावानंतर ते थांबत होते. समोर कुणी नव्हते. ते चिंचेकडे मान वळवून उभे राहत, काही सेकंद जात, मग ओ ऐकू आल्यासारखी मान हलवत आणि पुढचे नाव घेत. ज्या बाजूला पाहून त्यांनी मान हलवली, त्या बाजूला मीही दोनदा पाहिले. तिथे सुकलेले गवत होते.

"चाचा, कुणीच नाही तर थांबता कशासाठी?"

"थांबलो नाही त ते हाळी नाई, नुसतं वरडनं हाय." मग ते समजावण्याच्या सुरात म्हणाले, "गजाननची माय तिकडं बसते. तिचे गुडघे गेले. पोट्टं तिच्यापाशी बसलं की ते त्याचा हात धरून ठेवते. हात सोडवून, मंग ओ. तेवढं थांबा लागते. सुदाम टाकीवर असते, तोंडात पानी, गिळूनच बोलीन. सगळ्याइचं येगळं येगळं हाय."

"आणि इरफानचं?"

इरफान त्यांचा मुलगा, संघातला सर्वांत भरवशाचा चढाईपटू. माझ्याच वर्गात दहावीपर्यंत होता. हाळीत त्याचे नाव शेवटी येई. चाचा हसले. "तो कुठी जाते? बापाच्या मांगंच उभा असते."

इरफान तेव्हा खरोखर त्यांच्या मागेच, मैदानाच्या दोरीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "अब्बा, एक इचारू का इले? इची डबी हाक मारते, ते समजलं. पन ओ आयकते का ते?"

मी हसले. प्रश्न बाळबोध वाटला मला.

पुढे फेब्रुवारीत समितीत भांडण पेटले. अंतिम सामना धनजच्या संघाशी होणार, हे उपांत्य फेरीनंतर ठरले आणि गावाला एकाएकी स्वतःची लाज वाटू लागली. समितीचे अध्यक्ष बबनकाका. स्वतः जुने खेळाडू, आता रिसोडला सोयाबीनची अडत. त्यांना शहरातली गायिका आणि ऑर्केस्ट्रा आणायचा होता. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झालेली बैठक मी ऐकली आहे.

"फायनल हाय, बारसं नाई," बबनकाका म्हणाले. "धनजवाले हसतीन. एक मानूस डफडं घेऊन उभा, तेबी गळा गेलेला!"

"हाळी नाई त मंग कबड्डीबी कायले?" मागून कुणी ओरडले. "क्रिकेट ठेवा. नाचनाऱ्या पोरी आना."

"तुह्या बापानं आनल्या होत्या का बे?"

हशा झाला, मग शिवीगाळ झाली. त्या गोंधळात मी हात वर केला. माझ्याकडे हाळी आहे, म्हणाले. स्वच्छ करून देते. चार मोठ्या पेट्यांवर लावा. आवाजही मोठा, मानही जुना. दोन्ही बाजू एकदम गप्प झाल्या. इतक्या कमी शब्दांत इतका मोठा वाद मिटवल्याचा मला अभिमान वाटला. प्रकल्पात एक प्रकरण वाढणार होते, हेही मनात होतेच. ते नाकारण्यात अर्थ नाही.

अमरावतीच्या प्रयोगशाळेत मी ध्वनिफीत स्वच्छ केली. संगणकाला एक मर्यादा आखून दिली: पंचेचाळीस डेसिबलच्या खाली जे असेल ते काढून टाक. वारा गेला. चिमण्या गेल्या. चाचांचे खाकरणे गेले, ओळीआधी घेतलेला श्वास गेला. श्वास हा माझ्या दृष्टीने दोष होता. आणि मर्यादेखाली होती म्हणून शांतताही गेली, नावानावांमधली सगळी. दोन मिनिटे सत्तावीस सेकंदांची फीत एक मिनिट चोवीस सेकंदांवर आली. त्रेसष्ट सेकंद कमी झाले, याची मी वहीत समाधानाने नोंद केली. मग पुढच्या मोजमापासाठी जागा हवी म्हणून रेकॉर्डरचे कार्ड पुसून टाकले.

शस्त्रक्रिया होऊन चाचा परतले होते. गळ्याला पांढरे फडके, आवाज पूर्ण गेलेला. मी ती फीत त्यांना ऐकवली नाही. वेळ नव्हता, असे मी नंतर सर्वांना सांगितले. खरे म्हणजे मला ते सुचलेच नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी योगायोगाने विज्ञान दिन होता. पूर्वार्धात आम्ही चौदा–तेरा पुढे होतो. शिट्टी झाली, सात जण पांगले. चाचा पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, डफ मांडीवर आडवा. मी साउंडवाल्याला खूण केली.

पहिल्या ओळीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो आवाज छातीत शिरत होता. एवढे मोठे मिस्त्रीचाचा गावाने कधी ऐकले नव्हते. चिंचेखाली आईपाशी बसलेल्या गजाननने मान वर केली, ओ देण्यासाठी तोंड उघडले, आणि त्याच क्षणी पेट्यांमधून पुढचे नाव आले. सुदाम. मग त्याच्यापुढचे. गजाननचे तोंड तसेच उघडे राहिले. आवाज श्वास घेत नव्हता. नावामागून नाव, ओळीमागून ओळ, पत्र्यावरून गारा घसराव्यात तसा तो पुढे पुढे जात होता. चौऱ्याऐंशी सेकंदांत सातही नावे संपली. मध्यरेषेवर कुणी नव्हते.

हाळी पोहोचली नसावी, असे वाटून साउंडवाल्याने ती पुन्हा लावली. या वेळी संपली की आपोआप सुरू होईल, अशी.

ऊन लख्ख होते. अडीच-तीन हजार माणसे बसलेली, कुणाच्याही अंगावर सावली नाही. तरी त्या माणसांमधून काहीतरी सरकत गेले आणि ती गप्प होत गेली, आधी बायकांची बाजू, मग पुरुषांची. गजाननच्या आईने त्याचे मनगट दोन्ही हातांनी धरले. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण मला वीस पावलांवरून ऐकू आला.

"ओ देऊ नको, बाप्पा. थांबत नाई ते."

आमच्याकडे मूल बोलू लागले की त्याला शिकवतात: हाक आली की लगेच ओ देऊ नये. माणूस असेल तर थांबेल, वाट पाहील, पुन्हा हाक मारील. जे हाक मारून थांबत नाही, ते माणूस नव्हे. ही समजूत मला ठाऊक होती. लहानपणी मीही ती पाळली होती. प्रयोगशाळेत ती मला आठवली नाही, कारण तिथे ती कोणत्याच एककात बसत नव्हती.

आणि पहिल्या रांगेत चाचा बसले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. त्यांच्या डोक्यावरून त्यांचाच आवाज, त्यांच्याहून मोठा, त्यांच्याहून तरुण, गळ्यात गाठ नसल्यासारखा जात होता. ते मान वर करून पेटीकडे पाहत होते. ओळखीचा माणूस रस्त्याच्या पलीकडून न बोलता निघून जावा, तशी ती नजर होती.

ते उठले. मला वाटले, बंद करायला सांगतील. ते साउंडवाल्याच्या टेबलापर्यंत आले, बटनांच्या रांगांकडे पाहिले आणि वळले. चिंचेखाली गेले. गजाननच्या आईसमोर उभे राहिले, तिने हात सोडेपर्यंत. मग त्याला दंडाला धरून मध्यरेषेवर आणून उभे केले. पुन्हा टाकीकडे, सुदामसाठी. वर पेट्या तिसऱ्याच कुणाचे तरी नाव घेत असत, खाली ते दुसऱ्याच कुणाला तरी आणत असत. आवाज आणि माणूस एकदाही जुळले नाहीत. एका माणसाचे दोन भाग एकाच मैदानात वेगवेगळे फिरताना मी पाहिले. मापकाचा काटा एकशे तीनवर स्थिर होता.

असे सहा जण आले. सातवा इरफान दोरीपाशी उभा होता. त्याचे नाव पेट्यांमधून पाचव्यांदा येऊन गेले होते. तो बापाकडे पाहत नव्हता. पेटीकडे पाहत होता. शेवटी बबनकाकांनी धावत जाऊन वायर ओढली. आवाज नावाच्या मधोमध तुटला. तेव्हा कुठे इरफान हलला. माझ्याजवळून जाताना तो थांबला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, बाप जित्ता हाय माहा."

वर्गात एका बाकावर बसलेल्या मुलाने मला मॅडम म्हटल्याचा तो पहिला प्रसंग.

आम्ही चार गुणांनी हरलो. पुढचे पंधरा दिवस गावात सामन्याची चर्चा झालीच नाही. ऑर्केस्ट्रावाले म्हणत, "सांगत होतो, बाई आना." हाळीवाले म्हणत, "पोट्टीनं भर दुपारी भूत उभं केलं." बबनकाका मला बसथांब्यावर भेटले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "माय, इतकी शिकली तू. थांबनं नाई शिकवत का तिकडं?"

त्या मार्चमध्ये मी एक गोष्ट टिपली. गावातली माणसे एकमेकांना हाक मारली की मुद्दाम थांबू लागली होती. किराणा दुकानात, विहिरीवर, शेताच्या धुऱ्यावर: नाव, आणि मग एक लांब, सावध शांतता. समोरचाही थोडा वेळ घेऊन, नीट पाहून, मगच ओ देई. दोघी बायकांनी सांगितले, हरभरा सोंगताना भर उन्हात मैदानाकडून डफाची एक थाप आली. नाव आले नाही. मी त्या शेतात तीन दुपारी जाऊन बसले. अंतर मोजले, वाऱ्याची दिशा लिहिली. अडतीस ते चाळीस डेसिबल, त्यापलीकडे काही नाही. तिसऱ्या दुपारी मला काही ऐकू आले का, या प्रश्नाचे उत्तर मी वहीत दिलेले नाही. "स्रोत अज्ञात" एवढेच लिहून पुढे जागा सोडली आहे.

आई परवा फोनवर सांगत होती, यंदाही समिती भांडते आहे. पाहुणा गायक की हाळी. मी ऐकून घेतले. त्या मेसमधल्या मुलींचा राग मला समजतो. त्यांना ओठ हवे होते, आवाज नव्हे. माणूस समोर उभा राहून श्वास घेतो, चुकतो, थांबतो, यासाठीच तर आपण मैदानात जातो. अन्यथा गाणे घरीही वाजते. पण फसवणूक हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. मी कुणाला फसवले नव्हते. मी फक्त जे ऐकू येत नव्हते ते काढून टाकले होते.

सामन्याच्या वर्षीच, ईदनंतरच्या आठवड्यात मी चाचांच्या दुकानात गेले होते. पारा त्रेचाळीसवर होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मूळ फीत माझ्याकडे राहिलेली नाही, कार्ड मी पुसले, हे मी त्यांना सांगितले. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला, हेही. ते हातातल्या चाळणीची कड वाकवत राहिले. मग त्यांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवले.

फीत दुरुस्त करायचे काम असे ठरले. मी एकेक नाव वाजवणार. नाव आणि थाप संपली की चाचा बोट वर करणार. त्यांच्या कानात ज्या क्षणी ओ येईल, त्या क्षणी बोट खाली. तेवढा वेळ मी मोजणार, तेवढी शांतता पुन्हा आत घालणार. नुसती रिकामी जागा चालत नाही; संगणकातली शून्य शांतता बंद पेटीसारखी वाटते. म्हणून रिकाम्या मैदानाचा आवाज मी सकाळीच ध्वनिमुद्रित करून आणला होता. प्रत्येक नावाला दोन मापे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची.

पडद्यामागे इरफान पत्रा कापत होता. सामन्यानंतर ही फीत कुठेही वाजली की तो उठून जात असे, हे मला माहीत होते. मी आल्यावर पडदा सारून पाहिले, तेव्हा त्याने मान वर केली नव्हती. "मशिनीले ओ देत नसतेत," एवढे तो पत्र्याकडे पाहून म्हणाला होता. त्या दिवशी तो उठून गेला नाही. बाहेर जाण्यासारखे ऊन नव्हते, हे एक कारण असू शकते.

गजानन: चौदा पूर्णांक सहा, चौदा पूर्णांक चार. चाचांचे डोळे मिटलेले. दोन मापांत इतका कमी फरक मला उपकरणांकडूनही क्वचित मिळतो. सुदामच्या वेळी त्यांनी चक्क घोट गिळला, मग बोट खाली आणले. सहा नावे झाली. मी बेरीज केली: साडेएकोणसाठ. त्रेसष्टातून वजा जाता उरतात साडेतीन सेकंद; आणि बापाच्या मागेच उभा असलेल्या मुलाला ओ द्यायला तेवढेच पुरेत. गणित जुळत होते. पुसून टाकलेले सगळे त्या माणसाच्या बोटात शिल्लक होते. मला हलके वाटले, हे मान्य करते.

मी सातवे नाव वाजवले.

इरफान रे, उन्हं कलली,
मातीनं तुही वाट पाह्यली…

थाप. बोट वर गेले. तीन सेकंद झाले, चार झाले. बोट खाली आले नाही. मला वाटले, विसरले. पण त्यांचे डोळे या वेळी उघडे होते आणि पडद्याकडे लागले होते. दहा. पंधरा. पडद्यामागे कात्री पत्र्यातून चालत होती, एकसारखी, करकर. विसाव्या सेकंदाला ती थांबली. दुकानात तापलेल्या कोठ्या टक् टक् करत होत्या, दुसरे काही नाही. चाचांचे ओठ विलग झाले. त्यांतून काहीच आले नाही, वाराही नाही. हात भरून आला, तसा त्यांनी तो दुसऱ्या हाताने कोपरापाशी धरला. माझा अंगठा घड्याळाच्या बटनावर होता. आता थांबवावे, ही नोंद बाद धरावी, असे मला शिकवलेले सगळे सांगत होते. मी थांबवले नाही. पडदा हलला नाही. पलीकडे एक माणूस श्वास रोखून उभा आहे, एवढे मात्र मला स्पष्ट ऐकू येत होते, आणि ती पातळी नक्कीच पंचेचाळीसच्या खाली होती.

"ओ."

हळू, घोगरा, बापाच्या आवाजाच्या इतका जवळचा की मी आधी चाचांच्याच ओठांकडे पाहिले. ते मिटलेले होते. बोट खाली आले.

नियमाप्रमाणे मी दुसऱ्या मापासाठी फीत मागे घेतली. चाचांनी मान हलवली: नको. दुसरा रकाना मी कोरा ठेवला. पहिल्यात लिहिले: एक्केचाळीस पूर्णांक तीन दशांश सेकंद.